सुतळी बाहेर दिसली का?

राम राम मंडळी. आज मी तुमच्याशी एका मांजरीबद्दल बोलणार आहे. ती माझ्या घरची नाही, आमच्या कामावरची आहे. मी दारव्ह्याकडच्या एका धान्याच्या गोदामात काट्यावर बसतो, म्हणजे तूर, सोयाबीन, चना जे काही येईल ते मोजायचं, रजिस्टरात चढवायचं आणि पावती फाडायची. सोबत हमालांची टोळी, चौकीदार काका, चाळणीवर माल निवडायला येणाऱ्या बाया, असे आम्ही पंधरा-सोळा जण.

पोळ्याचा आदला दिवस होता. तीन दिवसांपासून झड लागलेली, ऊन म्हणून नाही, गावात लोकं बैलाचे खांदे शेकायच्या तयारीत आणि इकडे आमचे मामा, म्हणजे टोळीतले सगळ्यात जुने हमाल, सगळेच त्यांना मामा म्हणतात, ते रिकामा बारदाना काढता काढता एकदम थांबले. मला म्हणे, "बाबू, इकडे ये बरं, आतमंदी काहीतरी चिवचिव करून राह्यलं." जाऊन पाहिलं तर सुतळीच्या गुंत्यात मुठीएवढं पिल्लू, राखाडी पट्ट्याचं, शेपटी अशी बारीक की सुतळी कोणती आणि शेपटी कोणती ते कळेना. नाव तिथंच पडलं.

माझा हात पुढं गेला होता पण मामांनी अडवलं. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात ना, ते काही उगीच नाही, ती एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते आणि मधल्या वेळात एखादं पिल्लू एकटं दिसतं. लोकांना वाटतं बेवारस आहे, उचलून आणतात, आणि तिकडे माय शोधत फिरते. म्हणून पिल्लू धडधाकट असेल आणि जागा सुरक्षित असेल तर काही तास लांबून वाट पाहा, हे मी सगळ्यात आधी सांगतो. आम्ही रात्रभर पाहिली. चौकीदार काका जागेच होते, भाटी, म्हणजे तिची माय, काही आली नाही. पहाटे पिल्लाचा आवाज बारीक झाला तेव्हा मामांनी उचललं, तर अंग थंडगार.

थंड पडलेल्या पिल्लाला लगेच खायला घालायचं नसतं, आधी ऊब द्यायची. चहाच्या टपरीवरून गरम पाणी आणलं, प्लास्टिकच्या बाटलीत भरलं, फडक्यात गुंडाळलं आणि त्याला टेकवून ठेवलं. आमचा काटा ट्रकचा, त्याला एवढ्याशा जिवाचं वजन काय कळणार, म्हणून बाजूच्या किराणा दुकानात नेऊन तोललं. ४१० ग्रॅम भरलं. डोळे अजून निळे होते आणि बारके दात आलेले, त्यावरून डॉक्टरांनी नंतर पाच आठवड्यांचं धरलं. या वयाला अर्धा किलोच्या आसपास असायला पाहिजे म्हणजे पोरगी चांगलीच उपाशी होती.

आणि इथं आम्ही पहिली चूक केली. दूध दिलं. आपल्या डोक्यात मांजर म्हणजे दूध हे इतकं पक्कं बसलं आहे की दुसरं सुचतच नाही. गाईच्या दुधातली साखर बहुतेक मांजरांना पचत नाही, पिल्लाला तर त्यानं हगवण लागते आणि एवढ्याशा अंगातलं पाणी जायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मान टाकून पडली. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली, डॉक्टर रागावले, बरोबरच रागावले. मग उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून आणि बिनमिठाची उकडलेली कोंबडी अगदी बारीक करून, दिवसातून चार-पाच वेळा. पिल्लाला पाठीवर निजवून भरवायचं नाही, पोटावरच ठेवायचं, नाहीतर घास श्वासात जातो. दर शनिवारी वजन करायचं आणि आमच्या तोलाईच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहायचं. ४१०, ४८०, ६००. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

उचलल्यावर पहिल्याच रात्री टोळीतल्या एका पोट्ट्याच्या हाताला तिनं ओरबाडलं होतं. तो म्हणे काही नाही जी, नखच लागलं. मी ऐकलं नाही. अनोळखी जनावर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही आणि सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. रेबीज एकदा अंगात उठला की जवळपास कोणी वाचत नाही. त्या पोट्ट्यानं सगळी इंजेक्शनं पूर्ण केली, मी स्वतः प्रत्येक तारखेला गाडीवर बसवून नेलं. सुतळीला तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस दिली, आता दरवर्षी द्यायची.

आता तुम्ही म्हणाल गोदामात मांजर म्हणजे उंदरांसाठीच ना. हो, आम्हालाही तेच वाटलं होतं. उंदीर खातो त्याहून जास्त नासवतो, कट्टे कुरतडतो, लेंड्या आणि मूत मालात मिसळतं, त्याच मुतातून माणसाला लेप्टोचा ताप होतो. पण मांजर ठेवली की उंदीर संपले असं होत नाही, हे मी खरं सांगतो. बारके उंदीर ती धरते, पण मोठी घूस अंगावर घेणं तिच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून बारका उंदीर आत येतो तिथं मांजर काय करणार. भोकं सिमेंटनं आपणच बुजवायची, शटरखाली पत्रा आपणच लावायचा, छल्ली, म्हणजे कट्ट्यांची थप्पी, भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडून आपणच रचायची. मांजर ही त्यावरची राखण.

आणि एक, उपाशी ठेवली की जास्त उंदीर मारते हा समज डोक्यातून काढा. तिकडे लंडनच्या मनिऑर्डर ऑफिसात १८६८ साली उंदरांसाठी रीतसर मांजरी ठेवल्या, त्यांच्या खाण्याला आठवड्याला एक शिलिंग मंजूर केला, आणि बाकीचं पोट उंदरांवर भरा, सहा महिन्यांत फरक नाही दिसला तर यातलेही पैसे कापू, असं लिहून ठेवलं. वाचून मला वाईट वाटलं. पोट भरलेली मांजरही शिकार करते, तो तिचा स्वभाव आहे, उलट भुकेली असली तर ती गोदाम सोडून खाणं शोधत रस्त्यावर जाते. जपानमध्ये किशी नावाच्या छोट्या स्टेशनावर लोकांनी सांभाळलेली तामा नावाची मांजर होती, तिला २००७ मध्ये स्टेशनमास्तर केलं, टोपी दिली आणि पगार म्हणून वर्षभराचं खाणं दिलं. मला हे जास्त पटतं. आपण तर पोळा करणारी माणसं, राबणाऱ्या जनावराला आधी घास आणि मग आपण.

पण घास कोणता ते पाहायचं. आमच्या टोळीतले लोक इतके जीव लावणारे की सावजी रस्सा आणला तर त्यातलंही तिला द्यायचे. कांदा-लसूण मांजरीला विष आहे, कच्चा असो की शिजवलेला, त्यानं तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दुखण्याची साधी पॅरासिटामॉल तर एका गोळीत जीव घेते, माणसाचं औषध मांजरीला कधीच नाही. नुसती पोळी-भातही नाही, मांस-मासळीतलं एक सत्त्व तिच्या शरीराला पुरेसं बनवता येत नाही, ते नाही मिळालं तर डोळे जातात आणि हृदय खराब होतं. आमच्या निवडणाऱ्या काकू माळकरी, त्या हात लावत नाहीत पण पाण्याचं भांडं रोज घासून भरतात.

त्याच काकूंनी अजून एक गोष्ट पहिल्यांदा ओळखली. मांजरीला शौचाला मऊ मोकळी जागा लागते, आणि गोदामात मोकळा माल पसरलेला असतो, तिला तो रेतीसारखाच. एक दिवस सुतळी सोयाबीनच्या ढिगावर पायानं उकरायला लागली आणि काकू धावल्या. तेलाचा टिनाचा डबा आडवा कापून त्यात रेती भरली, कोपऱ्यात ठेवली, दोन दिवसांत शिकली. आधी कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, टाकून पाहिलं होतं, त्यात ती झोपायची. मोकळ्या ढिगावर रात्री ताडपत्री आता पक्की. आणि हा डबा गरोदर बाईनं साफ करायचा नाही, त्यातून बाळाला धोका होऊ शकतो.

आता जे सांगायला मी खरा आलो ते सांगतो.

दिवाळी. चतुर्दशीला संध्याकाळी शेवटची गाडी भरली, सगळ्यांना घरी जायची घाई, मी शटर ओढलं, कुलूप लावलं. मामांना वाटलं सुतळी काकांजवळ आहे. काका त्या दिवशी त्यांच्या गावी गेले होते, त्यांना वाटलं मामांनी घरी नेली असेल. मला काहीच वाटलं नाही, मी पाहिलंच नाही. ती सगळ्यांची होती ना, म्हणजे त्या दिवशी कोणाचीच नव्हती. पाडव्याला मामा आपला विसरलेला दुपट्टा न्यायला आले आणि वरच्या जाळीत त्यांना काहीतरी हललेलं दिसलं. मला फोन केला, मी अंगावरच्या कपड्यांनिशी गाडी काढली. शटर उचललं तर ती छल्लीच्या टोकावर, जाळीला नाक लावून बसलेली, मला पाहून तोंड उघडत होती आणि आवाज येत नव्हता. नुसतं तोंड उघडायची, मिटायची. आत पाण्याचा थेंब नव्हता. मामा वर चढले, छातीशी धरून खाली उतरले, मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ती वाचली. पण त्या रात्री मला झोप नाही, कारण आठ दिवसांनी त्याच गोदामात धुरी द्यायची होती. किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, आपण सल्फास म्हणतो त्याच, त्यातून निघणारा गॅस हवाबंद जागेत कोणालाच सोडत नाही, उंदीर, मांजर, माणूस. ते काम शिकलेल्या माणसांचं, ते येतात, ताडपत्री दाबून सील करतात, पण छल्लीच्या सांदीत झोपलेलं मांजर त्यांना कसं माहीत असणार. विषाची किंमत आपल्या यवतमाळ जिल्ह्याला वेगळी सांगायला नको, २०१७ मध्ये फवारणीनं किती घरं उघडी पडली ते आपण पाहिलं आहे. मांजरीचं तर असं की ती दिवसभर अंग चाटते, अंगावर जे सांडेल ते पोटात जाणार. उंदरांचं औषध ठेवलं तर औषध खाल्लेला उंदीर ती खाते आणि ती पण जाते. म्हणून मांजर आणि उंदराचं औषध एका गोदामात ठेवायचं नाही, आम्ही त्या दिवसापासून बंद केलं.

आणि शटरवर आतून-बाहेरून खडूनं लिहिलं, सुतळी बाहेर दिसली का? रजिस्टरात आवक, जावक आणि त्याच्या बाजूला एक नवा रकाना. कुलूप लावणारा त्यात सही करतो, आपल्या डोळ्यांनी पाहून. खाणं मामांकडे, सुट्टीचे दिवस आणि लस माझ्याकडे, पाणी काकूंकडे. नाव लावून. तुमच्या जिनिंगवर, दाल मिलवर, कृषी केंद्रात पिल्लू आलं तर आधी हे ठरवा, दिवाळीत कोण, रविवारी कोण, सीझन संपून गोदाम रिकामं झाल्यावर कोण. नाव सापडत नसेल तर पिल्लू अशा घरी द्या जिथं ते सापडेल.

आता तुरीचा सीझन आहे, फाटकासमोर ट्रॅक्टरची रांग. परवा ही आडवी गेली म्हणून एका दादानं ट्रॅक्टर थांबवला, बसून राहिला. मामा काही बोलले नाहीत, तिला उचललं, त्याच्यासमोरून स्वतः चालत गेले आणि म्हणाले, "आता ये दादा, मी आधी गेलो." तो आला. जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून गेला.

सहा महिन्यांची झाली आहे ती. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि साधारण ६३-६५ दिवसांत विते, मग ती पिल्लं कुठं जाणार, म्हणून ऑपरेशन करून घेत आहोत, मंगळवारी. भाजीच्या कॅरेटवर जाळी बांधून ठेवली आहे, आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नाही हे सगळ्यांना दोनदा सांगून झालं. मामा सोबत येणार, म्हणजे भर सीझनात त्यांचा खाडा पडणार, एक दिवसाची हमाली बुडणार. काल टोळी टपरीवर बसली होती, तिथं पोट्ट्यांनीच ठरवलं, मंगळवारच्या हमालीत मामांचा हिस्सा निघेल. मी रजिस्टरात तसं लिहून घेतलं. नमस्कार.