डेडलाइन गेली, टास्क चालूच

ह्या स्क्रीनकडे जरा नीट बघा. हळूहळू फिरणारी पृथ्वी, तिच्यावर तापमानाचे रंग, आणि खाली कोपऱ्यात तारीख. तारीख वाचलीत का? ३० फेब्रुवारी. ही चूक नाहीये, हे हवामानाचं मॉडेल आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर आकड्यांनी चालवलेली पृथ्वी, आणि ह्या मॉडेलमध्ये प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरलेलं असतं, हिशोबाला सोपं पडतं म्हणून, त्यामुळे इथे ३० फेब्रुवारी दरवर्षी येते आणि ३१ डिसेंबर कधीच येत नाही.

हा माझा जुना स्क्रीनशॉट आहे, २०१२ सालचा. मॉडेल ब्रिटनच्या मेट ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या हवामान खात्याच्या, हॅडली सेंटरचं, मुळात सुपरकॉम्प्युटरवर चालवायला फोरट्रान ह्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं, आणि ते चालत होतं कुठे तर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, आमच्या डीटीपीच्या दुकानात मागच्या खोलीत, जिथे अण्णा लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं जुळवायचे. जुना पेंटियम, टेबलाखाली, धुळीने भरलेला. आणि हा स्क्रीनशॉट घेतला तेव्हा त्या टास्कची डेडलाइन उलटून आठवडा झाला होता.

आता हा टास्क म्हणजे काय ते सांगतो. बोइंक नावाचं सॉफ्टवेअर आहे, बर्कलेच्या विद्यापीठात बनलेलं, ते तुमच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ संशोधनाला देतं. सेटी ॲट होम आठवतंय का बघा, १९९९ साली सुरू झालेलं, परग्रहावरचे सिग्नल शोधणारं, त्याच लोकांनी हे पुढे सगळ्यांसाठी केलं. आणि त्याच १९९९ साली ऑक्सफर्डकडचे हवामानशास्त्रज्ञ माइल्स ॲलन ह्यांनी नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं होतं की हवामानाचं मॉडेलसुद्धा असंच लोकांच्या घरोघरी चालवता येईल. तिथून क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट उभं राहिलं, २००३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं आणि पुढच्या वर्षी बोइंकवर आलं. माझा टास्क ह्याच प्रोजेक्टचा.

मुळात इतकी घरं कशाला पाहिजेत? तर हवामानाच्या मॉडेलमध्ये कितीतरी आकडे असे असतात की ते नेमके किती धरायचे हे कोणालाच पक्कं ठाऊक नसतं, ढगातला थेंब किती मोठा झाला की पाऊस पडतो, बर्फाचे कण किती वेगाने खाली येतात, असले. मग काय करायचं, तर प्रत्येक घराला थोडे वेगळे आकडे घातलेलं मॉडेल द्यायचं आणि सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी मांडायची. जानेवारी २००५ मध्ये नेचरमध्ये जो पहिला मोठा पेपर आला त्यात अशी २,५७८ सिम्युलेशन्स होती, आणि कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल ह्याची उत्तरं १.९ पासून ११.५ अंशांपर्यंत पसरलेली निघाली. तो पसाराच त्यांना हवा होता. एका सुपरकॉम्प्युटरवर एवढी मॉडेलं चालवायला नंबर कधी लागला असता कोण जाणे.

आता माझ्या टास्कचा हिशोब बघा. ४० वर्षांचं मॉडेल. त्यातलं वातावरण अर्ध्या अर्ध्या तासाच्या पावलांनी पुढे सरकतं, म्हणजे दिवसाला ४८ पावलं, वर्षाला १७,२८०, आणि चाळीस वर्षांची ६,९१,२००. आमच्या पेंटियमला एका पावलाला, खालचा समुद्र धरून, साधारण पाच सेकंद लागायचे. म्हणजे ९६० तास. मशीन दिवसरात्र चालवलं तर चाळीस दिवस, म्हणजे एक मॉडेल-वर्ष एका दिवसात. डेडलाइन जवळपास वर्षभराची होती. मी म्हणलं आरामात होतंय की.

पण आमच्याकडे दिवसरात्र मशीन चालवतोय कोण! तेव्हाचं लोडशेडिंग आठवा. त्यात दुकान उघडं असेल तेव्हाच मशीन चालू, आणि अण्णांनी पत्रिकेचं काम उघडलं की टास्क आपोआप थांबायचा, कारण मीच तसं सेटिंग ठेवलं होतं, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मशीन अडकायला नको. लग्नसराईचे दोन महिने तर पृथ्वी जवळजवळ जागची हललीच नाही. रात्री मी चालू ठेवायला बघायचो तर अण्णा घरातून हाक मारायचे, "अरे त्या मशीनचा पंखा किती ओरडतोय, बंद कर की." वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला अडीच तास पडले. ९६० भागिले अडीच, ३८४ दिवस. तिथेच गणित हुकलं.

आणि लाइट जाण्याचा त्रास वेगळाच. हे मॉडेल आपली जागा अधूनमधून डिस्कवर लिहून ठेवतं, त्याला चेकपॉइंट म्हणतात, लाइट गेली की मागच्या चेकपॉइंटपासून परत सुरू, तेवढं काम गेलं. तेवढ्यावर भागलं तर नशीब. कारण लिहिता लिहिताच लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते आणि अख्खं मॉडेल कोसळतं, सहा महिन्यांचं काम एका क्षणात. हे एकदा माझ्या बाबतीत झालं, अठराव्या मॉडेल-वर्षात. मी सुटलो ते एकाच कारणाने, दर रविवारी बोइंक पूर्ण बंद करून त्याचं अख्खं डेटा फोल्डर मी पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवायचो. ते परत जागेवर टाकलं आणि मॉडेल चार दिवस मागून पुन्हा चालू लागलं. तुम्ही असला लांब टास्क घेणार असाल तर ही सवय लावून घ्याच. आणि मशीन बंद करताना आधी टास्क सस्पेंड करा, मग बोइंकमधून बाहेर पडा, दोन मिनिटं थांबा, मग शटडाउन. थेट बटण दाबू नका हो.

मग तो दिवस आला. यादीत डेडलाइनच्या रकान्यात कालची तारीख, आणि शेजारी प्रगती, ९५ टक्के. बोइंकचा नियम असा आहे की जो टास्क सुरूच झाला नाही आणि त्याची मुदत गेली तो ते स्वतःच रद्द करतं, पण जो सुरू झालाय त्याला ते हात लावत नाही, तो चालतच राहतो. उलट मुदत जवळ आल्यापासून ते त्यालाच पुढे रेटत असतं, बाकीच्या प्रोजेक्टचे टास्क बाजूला बसवून. म्हणजे निर्णय आपल्या हातात. ॲबॉर्टचं, म्हणजे टास्क रद्द करायचं, बटण समोरच असतं. माझं बोट त्यावर गेलं होतं, खोटं सांगत नाही. वाटलं, आता कोण घेणारे हे, मुदत गेली म्हणजे गेली, परीक्षेचा फॉर्म असतो तसं.

पण ही मुदत तशी नसते, आणि हे मला फार उशिरा कळलं म्हणून जरा तपशिलात सांगतो. सर्व्हरला एवढंच माहीत असतं की अमुक टास्क अमुक मशीनला दिला. मशीन बिघडलं, मालकाने विंडोज नव्याने टाकलं, माणूस कंटाळला, ह्यातलं काही सर्व्हरला कळत नाही. म्हणून कुठेतरी एक तारीख धरावी लागते, की इथपर्यंत उत्तर नाही आलं तर हा गेला असं समजायचं आणि तेच काम दुसऱ्या कोणाला द्यायचं. ती सर्व्हरने वाट बघायची तारीख. त्या दिवशी तुमच्या मशीनवरचे आकडे काही खोटे होत नाहीत.

क्लायमेटप्रेडिक्शनमध्ये तर आणखी एक चांगली सोय आहे, ट्रिकल. मॉडेल ठराविक अंतर चाललं की छोटासा निरोप सर्व्हरला जातो, इथपर्यंत आलोय म्हणून, आणि क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, त्या निरोपांवर मिळतं, अख्खं संपल्यावर नाही. काही मॉडेल-वर्षं झाली की मोठी झिप फाइलही वर चढते. म्हणजे ९५ टक्क्यांवर असलेल्या माझ्या टास्कचं बरंच काम ऑक्सफर्डला आधीच पोचलेलं होतं. आणि माझं मॉडेल हे एका मोठ्या गठ्ठ्यातलं एक, ते दुसऱ्या कोणाच्या उत्तराशी जुळायची वाट बघत नव्हतं. संशोधक तो गठ्ठा बंद करेपर्यंत उशिरा आलेलं पूर्ण मॉडेलही त्यांच्या कामाचंच. म्हणून बोट काढून घेतलं.

आता हेच सगळीकडे लागू करू नका, प्लीज. आइनस्टाइन ॲट होम बघा, २००५ पासून चालू आहे, लायगो ह्या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या डेटामध्ये सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातून येणारी अतिसूक्ष्म कंपनं, शोधतं (आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय ना, त्याच कुटुंबातलं काम). तिथे मुदत साधारण चौदा दिवसांची, आणि एकच काम दोन वेगवेगळ्या घरांत जातं, दोन्ही उत्तरं जुळली तरच खरं धरतात. २०१० मध्ये त्यांना अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटात एक पल्सार, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारा मृत तारा, सापडला, सेकंदाला ४१ वेळा फिरणारा, आणि त्याचं श्रेय अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याला आणि जर्मनीतल्या माइंत्सच्या एकाला, असं दोन्ही मशीनच्या मालकांना मिळालं, कारण दोघांकडे तोच तुकडा गेला होता. अशा ठिकाणी तुम्ही उशीर केलात की तुमचा जोडीदार, विंगमन म्हणतात त्याला, ताटकळतो, मग तिसऱ्याला तेच काम दिलं जातं, आणि तुमचं उत्तर त्याच्या आधी पोचलं तर त्या तिसऱ्याची वीज वाया, नंतर पोचलं तर तुमची. फोल्डिंग ॲट होममध्ये, म्हणजे प्रोटीनच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या अशाच प्रोजेक्टमध्ये, शेवटची मुदत गेली की काम सरळ फेकूनच देतात. तिथे जमणार नसेल तर लवकर ॲबॉर्ट करणं हाच चांगुलपणा आहे. माझं ठाम मत आहे हे. टास्क अडवून बसू नये.

एक गोष्ट मात्र मला नेहमी आठवते. फेब्रुवारी २००६ मध्ये बीबीसीने ह्याच प्रोजेक्टबरोबर मोठा प्रयोग सुरू केला, १९२० पासून २०८० पर्यंतचं मॉडेल, १६० वर्षांचं, घरच्या मशीनवर कित्येक महिन्यांचं काम. आणि एप्रिलमध्ये लक्षात आलं की हवेतल्या सल्फेटच्या धुरकटपणाची जी फाइल आत घातली होती तीच चुकीची आहे, धुरकटपणामुळे जो थंडावा यायला पाहिजे तो येत नव्हता आणि मॉडेल भलतंच तापत चाललं होतं. सगळ्यांना परत १९२० पासून सुरुवात. लोकांनी केली. ह्याच्यापुढे माझा जेमतेम तीन आठवड्यांचा उशीर काय.

तर मी टास्क चालू ठेवला. ते दिवस ऑगस्ट २०१२ चे. बाहेर पाऊस नव्हता. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, सगळीकडे पाण्याची बोंब, दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तेच बोलायचं. आणि मी मागच्या खोलीत जाऊन स्क्रीनवर आपला महाराष्ट्र शोधायचो. ह्या मॉडेलची एक चौकट रेखांशात पावणेचार अंश आणि अक्षांशात अडीच अंश, म्हणजे आपल्याकडे साधारण ३९० किलोमीटर रुंद आणि २८० उंच. अख्खं राज्य पाच-सहा चौकटींत संपतं. आणि नकाशावर मोजून बघितलं तर महाबळेश्वर आणि आटपाडी एकाच चौकटीत! धो धो पावसाचं गाव आणि टँकरच्या रांगा लागणारा तालुका, दोन्हीला एकच आकडा. सह्याद्रीची भिंत ह्या मॉडेलला दिसतच नाही. तेव्हा फार वाईट वाटलं, इतकं सगळं करून आपला पाऊस ह्यात नाहीच. पण पुढे त्याच प्रोजेक्टमध्ये वेदर ॲट होमचे टास्क आले, भागवार मॉडेल, आणि त्यात नावात एसएएस५० असलेले दक्षिण आशियाचे टास्क, ५० किलोमीटरच्या चौकटींचे. ५० किलोमीटरमध्ये घाट पूर्ण नाही, पण कोकण आणि देश निदान वेगळे होतात. ते टास्क मी सगळ्यात आधी घेतले.

विजेचं पण सांगायला पाहिजे. प्लगला मीटर लावून बघितलं होतं, टास्क चालू असताना मशीन साधारण ७० वॅट जास्त खायचं. रोज चोवीस तास धरलं तर महिन्याला ५० युनिट. माझे ९६० तास म्हणजे ६७ युनिट फक्त. पण तेच काम त्या वेळच्या नव्या मशीनने निम्म्याहून कमी विजेत केलं असतं. म्हणून मुद्दाम जुनं मशीन उकरून काढून त्याच्यावर हे चालवू नका, जे तसंही कामासाठी चालू असतं त्यावरच ठेवा.

शेवटचा महिना मी जवळजवळ समोर बसूनच काढला. मॉडेलमध्ये २८, मग २९, मग ३० तारीख, आणि पृथ्वी फिरायची थांबली. पंखा हळू झाला. शेवटची झिप फाइल चढायला आमच्या ब्रॉडबँडवर रात्र गेली, दोनदा अडकली, दोनदा परत सुरू केली. सकाळी टास्कची यादी रिकामी होती आणि साइटवर माझ्या नावासमोर शेवटचा ट्रिकल आणि पूर्ण झाल्याची नोंद. डेडलाइनच्या पुढे एकोणीस दिवस.

अण्णांनी शटर वर केलं, आत आले, म्हणाले, "आज पंखा वाजत नाही रे." म्हणलं, "झालं अण्णा, चाळीस वर्षं संपली." ते खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच विचारलं, त्यात पाऊस कुठं दिसतो दाखव. मी जुने स्क्रीनशॉट उघडून दाखवत बसलो, आणि मधेच बोइंकमध्ये कामाचा साठा कमीत कमी करून टाकला, आणि प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये जाऊन चाळीस वर्षांच्या मॉडेलवरची खूण काढून छोट्या मॉडेलवर लावली.