डेझीची किंमत कोण ठरवतं?

डेझी ब्युकॅनन म्हणजे पैशाला भुललेली बाई, एवढं म्हणून आपण बहुतेक जण मोकळे होतो. स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'त (१९२५) तसा पुरावाही भरपूर आहे. तिचा जुना प्रियकर गॅट्सबी आता श्रीमंत झाला आहे; त्याचे रंगीबेरंगी शर्ट पाहून ती त्यांत तोंड खुपसून रडते. यापेक्षा उघड पुरावा कोणता हवा?

पण या कादंबरीत किमती कोण मोजतं, ते बघा. डेझी गॅट्सबीच्या घरातून फिरत असते, तेव्हा तिच्या नजरेत काय उमटतं त्यावरून गॅट्सबी आपल्या एकेका वस्तूचं मोल नव्याने ठरवत असतो. तिच्यावर आधीच अनेकांनी प्रेम केलं होतं, म्हणून त्याच्या लेखी तिची किंमत वाढली होती, हेही कथा सांगणारा निक सांगून टाकतो. तिच्या आवाजात पैसा भरलेला आहे, हे प्रसिद्ध वाक्यही गॅट्सबीचंच. माझ्या मते भावाची पट्टी त्याच्या हातात आहे. तिला प्रेयसी म्हणा, पण त्याच्या हिशेबात ती सगळ्यात महागडी वस्तू आहे.

आता डेझीच्या लग्नाचा प्रसंग घ्या, कारण तो फार घाईने वाचला जातो. साल १९१९, जून महिना, गाव लुइव्हिल. आदल्या दिवशी नवरदेव टॉम ब्युकॅननने तिला मोत्यांची माळ दिलेली आहे, किंमत साडेतीन लाख डॉलर. हा आकडा सांगते तिची मैत्रीण जॉर्डन. मेजवानीच्या तोंडावर तीच खोलीत जाते, तर डेझी दारू पिऊन पलंगावर पडलेली, एका हातात बाटली, दुसऱ्यात पत्र, बहुधा गॅट्सबीचं. कचऱ्याच्या टोपलीतून डेझी माळ काढते आणि म्हणते, ज्याची आहे त्याला परत देऊन या, डेझीचा विचार बदलला म्हणावं. पुढे काय होतं? जॉर्डन आणि डेझीच्या आईची मोलकरीण दार लावून घेतात, तिला थंड पाण्यात बसवतात, कपाळावर बर्फ ठेवतात, पोशाख पुन्हा चढवतात. पत्राचा पाण्यात लगदा होतो. अर्ध्या तासात माळ गळ्यात. दुसऱ्या दिवशी पाच वाजता लग्न.

हे वाचल्यावर 'भुललेली' हा शब्द मला पुरत नाही. तिला शुद्धीवर आणलं जातं, आणि शुद्धीवर येणं म्हणजे टॉमची होणं. मुलगी झाल्यावर ती म्हणते की पोरगी सुंदर आणि मूर्ख निघो. हे बोलणारी बाई स्वतः मूर्ख नाही.

म्हणजे ती निर्दोष? मुळीच नाही. टॉमची प्रेयसी मर्टल विल्सन गॅट्सबीच्या गाडीखाली मरते, तेव्हा चाकामागे डेझी असते, आणि दोष गॅट्सबी अंगावर घेतो. त्या रात्री ती स्वयंपाकघरात टॉमसमोर बसलेली दिसते; मध्ये थंड कोंबडी, बिअरच्या दोन बाटल्या. गॅट्सबीच्या अंत्यविधीला ती येत नाही. निरोप नाही, फूल नाही. खरी श्रीमंती इथे दिसते. तिला वस्तूंची हाव असण्यापेक्षा, केलेल्याची भरपाई कधीच करावी न लागणं, ही तिची मिळकत.

एक मात्र मला खटकतं. शेवटी टॉम रस्त्यात निकला भेटतो, स्वतःची बाजू मांडतो, निक हातही मिळवतो. डेझीला अशी भेट मिळत नाही. अपघातानंतर तिचा एकही संवाद आपल्या कानावर पडत नाही. गाडी कोण चालवत होतं, हे तिने टॉमला सांगितलं नसावं, असं त्याच्या बोलण्यावरून वाटतं; निकही सांगत नाही.