विडी, सिगारेट आणि रक्तातील साखर

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेहाचे निदान झाले की आपल्या गोमंतकीय घरांत पहिली चर्चा होते ती भाताची. दुपारी शीतकडी किती घ्यावी, पोदेराकडचा पाव चालेल का, चतुर्थीच्या नेवऱ्यांना हात लावावा की नाही, यावर घरातील प्रत्येकाचे काही ना काही मत असते. जेवणानंतर अंगणात जाऊन ओढल्या जाणाऱ्या विडीबद्दल मात्र सहसा कोणी अवाक्षर काढत नाही, कारण विडी-सिगारेट म्हणजे छातीचे आणि खोकल्याचे दुखणे, साखरेशी तिचे काय नाते, अशी आपली पक्की समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे आणि गोव्याला ती परवडणारी नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक आढळले. याउलट २०१६-१७ च्या तंबाखूविषयक पाहणीत गोव्यातील तंबाखूसेवन ९.७ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी होते. तेव्हा आपल्याकडील मधुमेहाचा सारा दोष विडीच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण जिथे दर चौथ्या प्रौढाला हा आजार आहे, तिथे धूम्रपान करणारा माणूस आधीच असलेल्या धोक्यात स्वतःच्या हाताने भर घालत असतो. धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता तीस ते चाळीस टक्क्यांनी अधिक असते, आणि रोजच्या विड्या-सिगारेटी जितक्या जास्त, तितकी ती वाढत जाते.

हे घडते कसे? स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचवण्याचे काम करते. निकोटिनमुळे पेशी या इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात, धुरातील इतर रसायनांमुळे शरीरात मंद दाह सतत चालू राहतो, आणि धूम्रपान करणारा माणूस अंगाने सडपातळ दिसला तरी त्याच्या पोटाभोवती चरबी साठण्याकडे कल असतो. त्यामुळे आधीच मधुमेह असलेल्या व्यक्तीने पथ्य नेटाने पाळूनही साखर आटोक्यात येत नसेल, तर तिने आपल्या विडीचाही हिशेब धरावा. निकोटिन तंबाखू चघळण्यातूनही शरीरात जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती पायांची. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात, तर धूम्रपानाने पायांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद होतात. कुळागरात किंवा शेतात अनवाणी वावरणाऱ्या, देवळाच्या आवारात उन्हाने तापलेल्या फरशीवरून चालणाऱ्या माणसाला मग काटा रुतल्याचे किंवा चटका बसल्याचे कळत नाही, आणि झालेली जखम रक्तपुरवठ्याअभावी भरून येत नाही. तिथून बोट, पाऊल कापण्यापर्यंतची वाट फार लांब नसते. हृदय, मूत्रपिंड आणि डोळ्यांचा पडदा यांनाही हे दोन आजार मिळून असेच ग्रासतात. होय, तंबाखूचे व्यसनही मी आजारच मानतो.

विडी सोडली की वजन वाढते आणि साखर आणखी बिघडते, असा एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही. सोडल्यानंतरच्या काळात अनेकांचे वजन काही किलोंनी वाढते आणि तेवढ्यापुरती साखरही वर जाऊ शकते. परंतु वजन वाढले तरी धूम्रपान सोडल्याने अकाली मृत्यूचा धोका कमी होतो, आणि पुढच्या वर्षांत मधुमेहाचा वाढीव धोकाही ओसरत जातो. रोज सायंकाळी चालायला जाणे आणि तल्लफ आल्यावर फरसाणाऐवजी काकडी किंवा भाजलेले चणे खाणे, एवढ्यानेही वजनाला बराच आळा बसतो.

जे मधुमेही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी विडी सोडण्याचा दिवस आपल्या डॉक्टरांना आधी सांगावा आणि पुढचे काही आठवडे साखर अधिक वेळा तपासावी. पेशी इन्सुलिनला पुन्हा प्रतिसाद देऊ लागल्या की कधी औषधाची मात्रा कमी करावी लागते. ज्यांना एकट्याने सोडणे जमत नाही, त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.