लेविनची लायब्ररी आणि कोहा

हे न्यूझीलंडमधलं लेविन, वेलिंग्टनच्या उत्तरेला असलेलं छोटंसं गाव. १९९९ साल चाललंय आणि इथल्या लायब्ररीचं, म्हणजे होरोफेनुआ लायब्ररी ट्रस्टचं, पुस्तकं देण्याघेण्याचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की चालणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलंय. आता नवीन घ्यायचं तर कुठलं? बाजारात तयार पॅकेजेस होती की, पण ती महाग, वर शाखा एकमेकींना जोडायला चांगली टेलिफोन लाइन लागणार, तिचा खर्च वेगळा, एवढ्याशा ट्रस्टला ते झेपणार कसं.

मग वेलिंग्टनच्या कटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीनं सुचवलं की साध्या मोडेमवर चालेल असं वेबवरचं सॉफ्टवेअर आपण नवीनच लिहू, लिनक्स, पर्ल, मायएसक्यूएल ही साधनं वापरून. क्रिस कॉरमॅक वगैरे मंडळींनी ते लिहिलं, आणि जानेवारी २००० मध्ये चालूही झालं.

मला भारी वाटतं ते याच्या पुढचं. उद्या ही कंपनीच बंद पडली तर आपलं सॉफ्टवेअर बघणार कोण? म्हणून दोघांनी मिळून ते जीपीएल लायसन्सखाली खुलंच करून टाकलं, म्हणजे दुसऱ्या कुणालाही कोड उघडून दुरुस्ती करता येईल. नाव ठेवलं कोहा. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, पण आपल्या आहेरासारखी, घेतली की कधीतरी परत करायची.

लायब्ररीनं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं याचा सल्ला देणाऱ्या कन्सल्टंटचं खरं काम इथंच असतं. फुकट की विकत हे पाच मिनिटांत कळतं, पण सर्व्हर कोण सांभाळणार, बॅकअप कोण घेणार, जुन्यातल्या हजारो पुस्तकांच्या नोंदी नव्यात कोण आणणार आणि उद्या पटलं नाही तर त्या नोंदी घेऊन बाहेर पडता येईल का, खरा खर्च यात जातो.

आज आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांच्या लायब्ररीत कोहा आहे, देवनागरीत पुस्तकांची नावं टाकता येतात, शोधता येतात, फार छान वाटतं बघून. पण बसवून देणारा मुलगा पास होऊन निघून गेला आणि सर्व्हर बिघडला तर ग्रंथपाल मॅडमनी काय करायचं, पुन्हा रजिस्टर काढायचं? जिथं सांभाळायला माणूसच नाही तिथं सपोर्टसकट विकतचं घ्या असं सरळ सांगणारा कन्सल्टंट मला प्रामाणिक वाटतो. नाहीतर कोहाच घ्या, पण लायसन्सचे जे पैसे वाचले त्यातून दरवर्षी सपोर्टचा करार करा. असा सपोर्ट देणाऱ्या कंपन्या एकाहून जास्त आहेत, एकीशी नाही जमलं तर दुसरी बघता येते, आणि लेविनच्या लायब्ररीला तेव्हा नेमकं हेच हवं होतं.