जोक होता, हे आधी सांगायचं ना!

सप्टेंबर १९८२. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीचं कॉम्प्युटर सायन्स डिपार्टमेंट. प्रोफेसर आणि विद्यार्थी एकाच ऑनलाइन नोटीस बोर्डवर गप्पा मारतायत, आणि विषय काय, तर लिफ्टची केबल तुटून लिफ्ट खाली कोसळायला लागली तर आतल्या पेटत्या मेणबत्तीचं काय होईल, आणि पाऱ्याच्या थेंबाचं काय होईल. तेवढ्यात एकाने अगदी ऑफिसच्या नोटिशीच्या थाटात टाकलं की प्रयोगामुळे सगळ्यात डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडलाय, थोडंफार जळालंही आहे, शुक्रवारी सकाळी ८ पर्यंत सफाई होईल.

झालं. ज्यांनी आधीच्या गप्पा वाचल्या नव्हत्या त्यांना ते खरंच वाटलं.

दुसरीकडे कुठे असतं तर चार जण हसले असते, दोघे चिडले असते, विषय संपला असता. पण ही सगळी कॉम्प्युटरवाली मंडळी, त्यांनी याला बग धरलं आणि फिक्स शोधायला बसली. जोकच्या पुढे खूण कसली करायची? स्टार? टक्क्याचं चिन्ह? यावर रीतसर चर्चा, बरं का! शेवटी १९ सप्टेंबरला त्यांच्यातल्याच स्कॉट फालमन यांनी सुचवलं, कोलन, डॅश, कंस, आणि मान आडवी करून वाचा. आपला स्मायली तो हाच. आणि लगेच पुढे त्यांनी लिहिलं की सध्याचा एकंदर रंग बघता जे जोक नाहीत त्यांनाच खूण केलेली परवडेल. माझ्या मते स्मायलीपेक्षा ही ओळ जास्त भारी आहे.

गंमत म्हणजे या लोकांचे सगळ्यात चांगले जोक नंतरही बिनस्मायलीचेच राहिले. स्टॅनफर्डचे कॉम्प्युटर सायन्सचे प्रोफेसर डोनाल्ड क्नुथ घ्या. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवली की २ डॉलर ५६ सेंटचा चेक. का, तर २५६ सेंट म्हणजे एक हेक्साडेसिमल डॉलर, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशोबाने मोजलेला; आपले शंभर म्हणजे दहाचा वर्ग, तसे हे २५६ म्हणजे सोळाचा वर्ग ना! लोक तो चेक वटवायचे नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचे. २००८ मध्ये चेकच्या फसवाफसवीला कंटाळून त्यांनी खरे चेक बंद केले, तेव्हापासून बक्षीस मिळतं ते सॅन सेरिफ नावाच्या देशातल्या बँकेचं, आणि हा देश आहे एका ब्रिटिश पेपरने १९७७ च्या १ एप्रिलला छापलेली थाप.

कबुतरांचंही तसंच. १ एप्रिल १९९० ला इंटरनेटच्या नियमांच्या मालिकेत कबुतरामार्फत डेटा पाठवायची पद्धत छापून आली, भाषा एकदम टेक्निकल. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काही जणांनी ते खरंच करून बघितलं. डेटाचे ९ पॅकेट, म्हणजे छोटे तुकडे, पाठवले, ४ ची उत्तरं आली.

आणि २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी असा प्रोग्राम लिहिला की बटण दाबलं की रिसर्च पेपर तयार, ग्राफ, संदर्भ सगळं जागच्या जागी, अर्थ मात्र शून्य. त्यातला एक पेपर एका कॉन्फरन्सने घेतला पण, रिव्ह्यू न करताच. पोरांनी सगळं उघड केलं, प्रोग्रामही फुकट वाटला. पुढे लोकांनी तो सिरियसली वापरला, इतका की २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या रिसर्च पेपर छापणाऱ्या संस्थांना मिळून १२० हून जास्त पेपर काढून टाकावे लागले.

२०१५ मध्ये स्प्रिंगरने एक सॉफ्टवेअर आणलं. त्याचं काम एकच, समोरचा पेपर असल्या प्रोग्रामने लिहिलाय का ते ओळखणं.