किलिमांजारोची कॉफी: परसातलं पीक कुणाला खुपलं?

नमस्कार मंडळी! वसाहतीतलं नगदी पीक म्हटलं की आपल्याला चंपारणची नीळ आठवते. साहेबाने गळ्यात मारलेलं पीक. आजची गोष्ट उलटी आहे. शेतकऱ्यांना पीक हवं होतं, आणि ‘त्यांना लावू देऊ नका’ म्हणून गोरे मळेवाले सरकारच्या मागे लागले होते.

जागा आहे किलिमांजारोचा उतार, आजच्या टांझानियात. इथल्या चागा लोकांची वडिलोपार्जित जमीन म्हणजे ‘किहांबा’. मधे घर, भोवती केळीची दाट बाग, डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी पाटाने खेळवलेलं. जर्मन अमलात, १९व्या शतकाच्या अखेरीस, कॅथलिक मिशनऱ्यांनी अरेबिका कॉफी आणली. चागांनी काय केलं? केळी तोडली नाही, तिच्याच सावलीत कॉफी लावली. केळी पोटाला, कॉफी पैशाला.

आणि पैसा लागायचाच, कारण सरकार घरामागे रोख कर घ्यायचं. तो भरायचा तर मळ्यावर मजुरी करा. पण परसातल्या कॉफीवर कर भागला, तर मळ्यावर राबायला जाणार कोण? खरी पोटदुखी ही. तोंडाने मात्र वेगळंच: यांच्या झाडांवरची कीड आमच्याकडे येईल, हे आमची कॉफी चोरून विकतील!

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज आले. चार्ल्स डंडास या अधिकाऱ्याने चागांची बाजू घेतली. १९२५मध्ये शेतकऱ्यांनी स्वतःचा संघ काढला, अध्यक्ष जोसेफ मेरिन्यो. कीड म्हणता ना? संघाने फवारणीच हातात घेतली.

शेजारच्या केनियात मात्र मळेवाल्यांचं चाललं. आफ्रिकी शेतकऱ्याला अरेबिका जवळजवळ बंदच. १९३०च्या दशकात मेरू, एम्बू, किसी इथे थोडीफार मुभा मिळाली, तीही मोजक्या झाडांची. दार खऱ्या अर्थाने उघडलं १९५४नंतर, इंग्रजी राजवटीविरुद्ध माऊ माऊचा सशस्त्र उठाव पेटल्यावर.

पण म्हणून डंडासला देव्हाऱ्यात बसवायची घाई नको. १९३३मध्ये जुन्या संघाच्या जागी सरकारच्या देखरेखीखालची सहकारी संस्था आली. नियम असा, की चागांनी कॉफी घालायची ती तिथेच. भाव पडले, दुसरीकडे विकायची सोय नाही. १९३७मध्ये लोक भडकले आणि कॉफीच्या गोदामांवर चालून गेले. आपलीच कॉफी साठवलेल्या गोदामांवर.