ढोलावरचा करवती काठ

(दृश्य : ड्रमचे पुढचे तोंड, पेंटरचे हात जवळून)

पडद्यावर दिसणारे हे वर्तुळ म्हणजे 22 इंच व्यासाच्या बास ड्रमचे पुढचे तोंड आहे. पेंटरकाकांनी मध्यबिंदूवर दोऱ्याचे एक टोक अंगठ्याने दाबून त्रिज्या मोजली, मग तेवढ्याच मापाने कडेवर खुणा करत ते फिरले आणि सहावी खूण करून जेथून निघाले होते नेमके तेथेच पोहोचले. त्या सहा भागांचे प्रत्येकी दोन, आणि त्यांचे पुन्हा दोन भाग केल्यावर कडेला एकसारखे 24 भाग मिळाले, म्हणजे प्रत्येक भाग तीन इंचांना जरा कमी. या प्रत्येक भागावर एक त्रिकोणी दात रंगवला जाणार आहे.

हा ड्रम चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील एका गावातल्या सात तरुणांच्या बँडचा आहे. खंजेरी, ढोलकी आणि ताशा यांच्या जोडीला गिटार आणि कीबोर्ड घेऊन ते झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीत, स्वतः रचलेली गाणी गातात. बँडचे नाव आपण ड्रमवर वाचतच आहात, त्यामुळे ते येथे उच्चारण्याची गरज नाही.

(दृश्य : बसस्थानकाची भिंत, एकावर एक चिकटवलेली पोस्टरे)

दिवाळीनंतर धानाची कापणी उरकत आली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या व्यवसायाचे केंद्र. तेथील नाट्यमंडळांच्या पोस्टरांवर नायक, नायिका, खलनायक, विनोदी नट आणि कधी कधी निर्मात्याचाही चेहरा असतो, शीर्षक पिवळ्या-लाल अक्षरांत असते आणि मोकळी जागा म्हणून काही शिल्लक ठेवलेली नसते. नाटकाला हे शोभते, कारण प्रेक्षक आवडत्या नटाचा चेहरा शोधूनच तिकीट काढतो. ज्यांचे चेहरे अजून कोणी ओळखत नाही, अशा सात मुलांनी तीच रीत उचलली असती, तर त्यांचे पोस्टर या भिंतीवर कोणाच्याही नजरेस पडले नसते.

शहरातील एका ओळखीच्या डिझायनरने त्यांना पहिले चित्र करून दिले, ते वारली पद्धतीचे होते : तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे. चित्र देखणे होते, पण वारली कला ठाणे-पालघरकडची आणि तारपाही तिकडचाच. ‘ग्रामीण’ म्हटले की वारली काढून मोकळे होण्याची ही सवय आता महाराष्ट्रभर पसरली आहे आणि तिच्यामुळे सगळे गाव एकाच गावासारखे दिसू लागले आहेत. मुलांनी ते चित्र नम्रपणे परत केले.

वास्तविक ज्या विदर्भाने डोक्यावरचे गाडगे आणि हातातील खराटा एवढ्यावरून गाडगे महाराजांना दुरूनच ओळखले, त्या विदर्भाला ओळखचिन्ह म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

(दृश्य : हातमाग, धोटा, काठाचे दात)

या मुलांना आपले चिन्ह सापडले ते गिटार वाजवणाऱ्याच्या घरी, आजीच्या करवतकाठी साडीत. नागभीड, आरमोरी आणि भंडारा या पट्ट्यात कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड पिढ्यानपिढ्या विणले जाते. त्याचा रेशमी धागा देणाऱ्या अळ्या घरात तुतीच्या पानांवर नव्हे, तर जंगलातील ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढतात, आणि त्या धाग्याला मुळातच मधासारखा रंग असतो. साडीच्या काठाला करवतीसारखे दात असतात, म्हणून ती करवतकाठी. मधल्या अंगाचा एक आणि दोन्ही काठांचे दोन असे तीन धोटे, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी साधने, विणकर चालवतो. दोन रंगांचे धागे जेथे भेटतात, तेथे ते एकमेकांत अडकवले जातात आणि ही अडकवण्याची जागा ओळीगणिक पुढे-मागे सरकवली की दात उमटतो. आपण आता जे पाहत आहात, ते विणकराने कॅमेऱ्यासाठी मुद्दाम सावकाश केलेले काम आहे. एरवी हा हात इतक्या वेगाने चालतो की डोळ्याला तो टिपताच येत नाही.

साडीवरचा दात मात्र बारीक असतो. बँडने तो जसाच्या तसा घेऊन मोबाइलवरील वाटोळ्या चित्रात बसवून पाहिला, तेव्हा काठाऐवजी नुसती लाल रेघ दिसली. पेंटरकाका म्हणाले, “पोट्टेहो, एवढे दात कायले पाहिजेत?” आणि त्यांनी थेट 24 वर आणले. रंग दोनच ठरले : कोशाचा मधाळ आणि काठाचा लाल. रंगमंचावर लाल दिवा पडताच मात्र दोन्ही रंग सारखेच लाल दिसू लागले आणि सगळे दात गडप झाले. म्हणून प्रत्येक दाताला काळी कड द्यावी लागली. ही कड मूळ काठात नाही, हे विणकराने मुलांना स्पष्ट सांगितले.

(दृश्य : अक्षरलेखन)

पुढचे तोंड निवडले याला कारण आहे. बास ड्रमवर आघात होतो तो मागच्या बाजूने, त्यामुळे पुढचा रंग लवकर उडत नाही. 1963 साली लंडनमधील वाद्यविक्रेते आयव्हर आर्बिटर यांनी बीटल्स या बँडचे नाव कागदावर रेखाटले आणि एडी स्टोक्स या पेंटरने ते ड्रमच्या पुढच्या तोंडावर रंगवले, त्याचा मोबदला पाच पौंड होता. खाली लांबवलेल्या ‘टी’ची ती अक्षरे जगाने नंतर डोक्यावर घेतली. पेंटरकाकांना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी हातातील ब्रश न थांबवता पाच पौंडांचे त्या वेळचे किती रुपये होत, एवढेच विचारले.

देवनागरीची अडचण निराळी असते. दात शिरोरेषेवर उभे करावेत, तर वर मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार आधीच बसलेले असतात. काकांनी आधी सगळे दात खडूने काढले, मग या नावातील दोन मात्रा आणि एक अनुस्वार यांच्या आड येणारे दात ओल्या फडक्याने पुसून टाकले आणि उरलेलेच रंगवले. फ्लेक्सच्या दुकानात कोणी असा विचार करत बसले असते, असे वाटत नाही.

(दृश्य : कपड्यांची मापे, तालीम)

पोशाख साधा आहे. अस्सल कोसा सात जणांना परवडणारा नव्हता आणि घामाने तो लवकर खराब होतो, म्हणून कुर्ते सुती आहेत आणि कोशाचे केवळ उपरणे आहे. खंजेरीच्या कडेवरही तेच दात आहेत, पण संख्येने कमी.

हंगाम सुरू झाल्यावर सुपाऱ्या वाढल्या आणि काही गावांत मुलांना ‘करवतवाले’ म्हणून बोलावले जाऊ लागले. तालुक्याच्या एका फ्लेक्सवाल्याने जागा भरून काढण्यासाठी चिन्ह आडवे ताणले, तेव्हापासून बँड प्रत्येक आयोजकाला चिन्हाच्या फाइलसोबत उंची-रुंदीचे माप लिहून पाठवतो आणि छापण्याआधी नमुना मागवतो.